कादंबरी १४० पानांवर येऊन अडकली आहे

काट्यावरचा | १८ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी साखर कारखान्यात शेतकी खात्यात आहे. सुरुवातीचे सहा हंगाम चिटबॉय होतो. ज्यांचा उसाशी संबंध रसवंतीपुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो: फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, गाडी भरली की चिठ्ठी फाडतो तो चिटबॉय. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, तोडणारी टोळी, गाडी नंबर, सगळं तोच लिहितो. त्या चिठ्ठीशिवाय गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर जात नाही. त्यामुळे बाविशीच्या पोरालाही फडात 'साहेब' म्हणतात, आणि पाठ वळली की शिव्याही त्यालाच.

त्या दिवसांवर कादंबरी लिहायला घेतली त्याला तीन वर्षं झाली. बीडकडची ऊसतोड मजुरांची एक टोळी, त्यांना आणणारा मुकादम आणि रखमा नावाची एक बाई. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गाव सोडतात तिथे सुरू होते, पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तिथे संपणार. पहिली शंभर पानं भराभर झाली. पुढची चाळीस रडतखडत. आता चार महिने झाले, एक ओळ सरकत नाही. रखमा कोपीच्या (झोपडीच्या) दारात बसली आहे ती बसलीच आहे.

असं सगळ्यांचं होतं का? अडलं की पहिल्या पानापासून सुधारत यायचं की तसंच रेटायचं? मी सांगलीकडचा, पात्रं बीडची, बोली कुठली ठेवू? आणि इतकं करून हे कोण छापणार? घरातून सांगणं असं की नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की वही पुन्हा बासनात जाणार. तिचंही खरं आहे. म्हणजे हातात साडेतीन महिने.

---

तिरकस | १९ जुलै, सकाळी ८.०५

१४० पानांवर अडली म्हणजे १४० पानांचीच असेल. खाली 'समाप्त' लिहा. मराठीत तसेही कादंबरी वाचणाऱ्यांपेक्षा लिहिणारे जास्त झालेत. हलके घ्या.

---

शेवंती | १९ जुलै, दुपारी १.२०

काट्यावरचा, स्वागत. माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्यात आणि तिसरी सध्या अडकलीय, तेव्हा अधिकारवाणीने वगैरे नाही, शेजारच्या रांगेतून बोलतेय.

पहिल्या पानापासून सुधारायला बसू नका. माझ्या पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं. अकरावा खर्डा इतका गुळगुळीत झाला की त्याला हात लावायची भीती वाटायची आणि त्याच्या पुढे जायची त्याहून जास्त. पुस्तक छापायला गेलं तेव्हा ते प्रकरण अख्खं काढावं लागलं, कारण गोष्ट सुरूच होत होती दुसऱ्या प्रकरणात. दीड वर्ष गेलं त्यात माझं.

आणि ओळ अडते तिथे दोष क्वचितच असतो. मोटर चालू आहे आणि सरीत पाणी येत नाही, तर आपण सरी उकरत बसतो का? पाइप कुठे फुटलाय ते बघत मागे जातो. तसं शेवटच्या तीस-चाळीस पानांतल्या प्रत्येक प्रसंगाखाली एक ओळ लिहून बघा: इथे कुणाला काय हवं होतं, आणि ते त्याला मिळालं की कुणी अडवलं. ज्या प्रसंगाखाली अशी ओळ सुचणार नाही, तिथे पाइप फुटलाय.

जिथे अडलंय ते अर्धं पान इथे टाका. लाजू नका, आम्ही सगळे याहून वाईट लिहून बसलोय.

---

दुसरी_पाळी | १९ जुलै, रात्री ११.५५

ताई, त्या 'कुणाला काय हवं होतं' ओळीची वाचनखूण साठवली.

मी नर्स आहे, कादंबरी वॉर्डावरची. ड्यूटी संपवून घरी जाताना बसमध्ये फोनवर बोलून लिहिते, म्हणजे मी कुजबुजते आणि फोन टाइप करतो. शेजारची बाई एकदा जागा बदलून गेली. माझं पात्र त्या वेळी मरत होतं. रोज दोनशे-अडीचशे शब्द, जास्त नाही. वर्षभरात साठ हजारांच्या पुढे गेले, त्यातले निम्मे फेकायचे आहेत.

काट्यावरचा दादा, तुमचा 'कोपी' शब्द मी बोलून बघितला. फोनने 'कॉपी' केलं. तुम्ही हातानेच लिहा.

---

निवृत्त_हेडमास्तर | २० जुलै, सकाळी ६.१०

नोकरी सांभाळून कादंबरी होत नाही, असं कुणी तुम्हाला सांगेल. ऐकू नका. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीत राहून त्यांनी कोकणावर एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातून हप्त्याहप्त्याने छापली. साप्ताहिक काही लेखकाच्या स्फूर्तीसाठी थांबत नाही. वाचक पुढच्या अंकाची वाट बघत असतो आणि कंपोझिटर मजकुराची.

यातलं तुमच्या उपयोगाचं एवढंच, की वाट बघणारा एक माणूस ठेवा. दर रविवारी त्याच्याकडे पाच पानं गेलीच पाहिजेत. बायको नको. बायको एकतर फार चांगलं म्हणते किंवा फार खरं बोलते.

'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिली, हे उदाहरण माझ्याच वर्गात मी वर्षानुवर्षं दिलं. आता वाटतं, चुकीच्या कारणासाठी दिलं. लिहायला पाच दिवस लागले, पण त्याआधी ती आई माणसाच्या आत किती वर्षं होती ते बघा की.

---

काट्यावरचा | २० जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. हेडमास्तर, माझी खऱ्यातली आहे.

धीर करून ते अर्धं पान टाकतो.

'सांजावत होतं. रखमा कोपीच्या दारात बसली होती. तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं दुःख गोठून राहिलं होतं. दूरवर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर आभाळाला भिडत होता, जणू तिच्याच आयुष्याची राख. आपण कोण, कुठून आलो, कशासाठी हा कोयता हाती धरला, या प्रश्नांचा गुंता तिला काही केल्या सुटत नव्हता.'

इथून पुढे ती उठतच नाही.

---

तिरकस | २० जुलै, रात्री १०.४१

बाई पुण्यात असत्या तर वसंत व्याख्यानमालेत बोलावलं असतं.

---

शेवंती | २१ जुलै, सकाळी ९.१५

तिरकस, पुरे.

काट्यावरचा, वाक्यं वाईट नाहीत, पण ती तुमची वाटत नाहीत. पहिल्या पोस्टमध्ये 'पाठ वळली की शिव्याही त्यालाच' लिहिलंत ते तुमचं. या पानातला माणूस वेगळाच कुणीतरी आहे, त्याने पुष्कळ कादंबऱ्या वाचल्यात आणि फड पाहिलेला नाही. आपण सगळेच 'आता मी साहित्य लिहितोय' असं ठरवलं की इस्त्रीचे कपडे घालतो. माझ्या अकरा खर्ड्यांतला प्रत्येक खर्डा आधीच्यापेक्षा कडक इस्त्रीचा होता.

---

बालाघाट | २२ जुलै, रात्री १२.३५

दोन दिवस विचार करत होतो, लिहू की नको.

माझे आईबाप चौदा हंगाम कोयता होते. बाहेरच्यांसाठी: नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. आठवीपर्यंत मी अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष फडात काढलं.

काट्यावरचा, राग मानू नका. सांजच्याला रखमा दारात बसलीय, तर चूल कोण पेटवतंय? पाणी कुणी आणलं? माझी आई पहाटे तीनला उठायची. भाकरी थापून फडक्यात बांधायच्या आणि अंधारातच फड गाठायचा. बाप तोडायचा, आई पाचट काढून मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. पोटुशी असतानाही चढलेली आहे. दिवस कलला की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून विकायला रस्त्याच्या कडेला उभी राहायची, तेवढ्यात मीठमिरची भागायची. जेवून पाठ टेकली की रात्री हाक यायची, गाडी लागलीय, उठा भरायला. दारात नुसती बसलेली आई मला एकदाच आठवते, तापाने फणफणली होती तेव्हा.

तुमची रखमा उठत नाही कारण तुम्ही तिला कामच दिलेलं नाही.

दुसरं. हे सगळं बघतंय कोण? पोत्यामागून, पाचटाआडून कुणीतरी बघतंय आणि कळवळतंय, पण तो माणूस फडात कुठेच उभा नाही. मला लहानपणीचा चिटबॉय नीट आठवतो. चिठ्ठीपुस्तक मोटारसायकलच्या सीटवर ठेवून लिहायचा. खिशाला दोन पेनं. मला त्यातलं एक हवं असायचं. एकदा त्याने वापरून झालेला कार्बन कागद मला दिला होता, तो मी वर्षभर पुस्तकात जपला. घरी गेल्यावर त्यावर उजेडात धरून नावं वाचायचो. आमचं नाव त्यात नव्हतं. मुकादमाचं होतं.

आम्हाला तुमच्याकडे बघून काय वाटायचं ते मी सांगू शकतो. तुम्हाला आमच्याकडे बघून काय वाटायचं, ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. १४० पानांत चिटबॉय किती वेळा आला?

---

काट्यावरचा | २२ जुलै, रात्री १२.५८

एकदाही नाही.

---

एडिसनकर | २३ जुलै, सकाळी ५.५०

दंडवत बालाघाट. हा प्रतिसाद इथे हरवून जाऊ नये.

---

तिरकस | २३ जुलै, सकाळी ९.३०

प्रतिसाद उत्तम आहे, मान्य. पण त्याचा अर्थ ज्याने भोगलं त्यानेच लिहायचं असा काढणार असाल तर माझा आक्षेप आहे. मग पानिपतावर लिहायला भाऊसाहेबांनाच परत आणावं लागेल. पुरुषाने बाईचं मन लिहायचं नाही, ब्राह्मणाने... वगैरे वगैरे. कादंबरी म्हणजे दुसऱ्याच्या कातडीत शिरणं नव्हे तर काय?

---

बालाघाट | २३ जुलै, दुपारी २.१०

मी लिहू नका म्हटलेलं नाही. तिला चूल पेटवू द्या एवढंच म्हटलं.

---

शेवंती | २३ जुलै, संध्याकाळी ७.४०

तिरकस, परवाना कुणी मागत नाहीये आणि कुणी देतही नाहीये. पण दुसऱ्याच्या कातडीत शिरायचं तर त्या कातडीला घट्टे कुठे पडतात ते माहीत हवं. माहीत नसलं की लेखक लगेच 'दुःख' हा शब्द वापरतो. मी स्वतःच्या हस्तलिखितात शोधून पाहिला होता, ३१ वेळा निघाला. २९ काढले. काही बिघडलं नाही.

काट्यावरचा, तुमच्या पदरात यापेक्षा मोठी गोष्ट पडली आहे. तुम्ही फडातही होता आणि फडातले नव्हताही. लेखणी तुमच्या हातात होती, अगदी खरोखरीची. मधल्या माणसाची ही जागा फार अवघड असते, म्हणूनच तिथून लिहायला आपण टाळतो आणि सरळ रखमाच्या डोळ्यांत जाऊन बसतो. तिथे आपल्याला कुणी काही विचारत नाही ना.

बोलीचा प्रश्नही यातच सुटतो. सांगणारा चिटबॉय असेल तर निवेदन तुमच्या वळणाचं, वाळव्या-मिरजेकडचं चालेल. बीडची माणसं बोलतील तेव्हा जेवढं तुमच्या कानाने ऐकलंय तेवढंच लिहा. न कळलेला शब्द चिटबॉयलाही न कळू दे.

---

मुद्राराक्षस | २४ जुलै, सकाळी १०.००

वर साहित्य झालं, आता थोडं गवंडीकाम. एकवीस वर्षं मुद्रितं तपासतोय.

शुद्धलेखनासाठी आता थांबू नका. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले, ते कुठे पळून जात नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ मी बघीन, तो माझ्या पोटाचा धंदा आहे. पण कथानकातला हिशेब मला बघता येत नाही आणि नवीन लेखकांचं हमखास तिथेच चुकतं. एका हस्तलिखितात आजी पान ४० ला वारली आणि पान २१२ ला नातीच्या लग्नात अक्षता टाकायला आली. एकात आषाढी आणि दिवाळी यांच्यात तीन आठवडे होते. तुमचा तर हंगामच आहे, तेव्हा एका मोठ्या कागदावर नोव्हेंबर ते एप्रिल आखून घ्या: कुठल्या आठवड्यात कुठल्या गावचा फड, थंडी किती, संक्रांत कधी, कोण आजारी, कोण पळून गेलं. पात्रांची वयं त्याच कागदाच्या कोपऱ्यात.

बोलीतला एकच शब्द तीन पद्धतीने लिहू नका. 'न्हाई', 'नाय', 'न्हवं' जिथे जे ठरवाल ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. त्या पानाचा फोटो मला आला की मी लेखकाच्या पाया पडतो.

टाइप करताना युनिकोडमध्येच करा आणि अख्खी कादंबरी एका फाइलीत. बरेच प्रकाशक पुढे मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत वळवून घेतात, त्या वळणावर जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं सांडतात. म्हणून शेवटचं मुद्रित स्वतः वाचल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

आणि पानांची काळजी सोडा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. हातात घेऊन जाडी बघा. दीडशे पानांत मावणारी गोष्ट चारशे पानांत ताणली की छपाईचा खर्च वाढतो, किंमत वाढते आणि पहिल्याच पुस्तकाचा वाचक दुकानात पुस्तक उलटं करून परत ठेवतो.

---

दुसरी_पाळी | २४ जुलै, दुपारी ३.३०

मुद्राराक्षस काका, माझ्या कादंबरीत एक पेशंट दोनदा डिस्चार्ज झालाय. आत्ता तपासलं.

मला वेगळीच भीती आहे. हॉस्पिटलातल्या लोकांनी स्वतःला ओळखलं तर? नोकरी तिथेच करायची आहे.

---

निवृत्त_हेडमास्तर | २४ जुलै, संध्याकाळी ६.००

टोपणनाव घ्या. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. मालतीबाई बेडेकर त्या नावाआड निभावल्या. अर्थात वॉर्डातल्या मंडळींना टोपणनाव फसवणार नाही. तिथे माणसं मोडून पुन्हा घडवावी लागतात, एकाचं नाक, दुसऱ्याची सवय, तिसऱ्याचं गाव. मात्र जो ओळखू येईल अशी भीती वाटते तो सहसा स्वतःला ओळखत नाही, न लिहिलेले चार जण येऊन भांडतात.

---

एडिसनकर | २६ जुलै, सकाळी ६.२०

आम्ही इथे अमेरिकेत पाच मराठी मंडळी दर रविवारी ऑनलाइन जमतो, प्रत्येकाने आपलं लिखाण दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. नियम एकच, वाचणाऱ्याने आधी प्रस्तावना करायची नाही. 'हे अजून कच्चं आहे', 'यात मला असं म्हणायचंय' काही नाही. सरळ वाचा. जिथे आपली जीभ अडखळते ते वाक्य बिघडलेलं असतं, कुणी सांगावं लागत नाही. काट्यावरचा, दुसरी_पाळी, यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमची सकाळ, तुमची संध्याकाळ.

---

काट्यावरचा | १४ सप्टेंबर, रात्री ११.१५

धागा वर काढतोय.

दीड महिना इथे तोंड दाखवलं नाही. १४० पानांतली ९२ काढली. फेकली नाहीत, कपाटात आहेत. उरलेल्यांतही रखमा कोपीच्या दारातून उठवली. ती आता लांबून दिसते, मोळी घेऊन फळीवर चढताना, आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक नाही. सांगतोय तो चिटबॉय.

बालाघाट यांनी विचारलं होतं, तुम्हाला आमच्याकडे बघून काय वाटायचं. ते लिहायला बसलो आणि एक गोष्ट वर आली जी मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

माझा दुसरा हंगाम. रात्रीचे साडेनऊ, थंडी मरणाची, दोन टोळ्यांच्या गाड्या एकाच बांधावर. चिठ्ठी लिहिताना टोळी नंबर चुकून शेजारच्या मुकादमाचा पडला. अठरा टनांची खेप दुसऱ्याच्या नावावर गेली. माझ्या लक्षात आलं ते तासाभराने, कार्बन बघताना. दुरुस्त करता आलं असतं, पण त्यासाठी रात्रीच काट्यावर जाऊन साहेबांपुढे उभं राहायला लागलं असतं आणि माझी नोकरी हंगामी. मी गेलो नाही. पंधरवड्याच्या बिलाला त्या टोळीत भांडणं झाली. मुकादम म्हणाला तुम्ही कामच कमी केलं. मी तिथेच उभा होतो, चिठ्ठीपुस्तक हातात.

अठरा टन म्हणजे किती मोळ्या होतात ते मी आता हिशेब करून बघितलं. लिहीत नाही.

तर कादंबरी आता त्या रात्रीपासून सुरू होते. रोज पहाटे पाऊण तास, वहीतच. ६४ पानं झालीत. रविवारी एडिसनकरांच्या बैठकीत दोनदा वाचलं. पहिल्यांदा आवाज बसला, दुसऱ्यांदा वीज गेली.

---

शेवंती | १५ सप्टेंबर, सकाळी ८.००

आता कुणालाही काही विचारू नका, मलाही नाही. लिहा.

---

तिरकस | १५ सप्टेंबर, सकाळी ८.४५

'समाप्त' लिहा म्हटलं होतं ते मागे घेतो.

---

दुसरी_पाळी | १६ सप्टेंबर, रात्री १२.२०

मी रडले बसमध्ये. शेजारची पुन्हा उठून गेली.

विषय थोडा बदलते. माझी पूर्ण होत आलीय. एका ठिकाणाहून फोन आला, 'मॅडम, आम्ही छापतो, तुम्ही पन्नास हजार भरा, तीनशे प्रती तुम्हाला.' हे असंच असतं का?

---

पक्षकार | १६ सप्टेंबर, सकाळी १०.३०

असंही असतं. पैसे भरून पुस्तक काढणं हा काही गुन्हा नाही, पण मग तुम्ही लेखक नाही, गिऱ्हाईक आहात, आणि गिऱ्हाईकाने विचारावं तसं विचारा: कागद किती जाडीचा (जीएसएम), संपादन कोण करणार, पुस्तक दुकानात जाणार की फक्त तुमच्या माळ्यावर. माझ्या आतेभावाने असेच पैसे भरले. त्याच्या दिवाणखान्यातला टीव्ही आज त्याच्याच कवितासंग्रहाच्या गठ्ठ्यांवर उभा आहे.

करार वाचल्याशिवाय सही नको. पुस्तकाचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ आपल्या बाजूचं आहे. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते संपतात. म्हणूनच करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांतील' हे दोन शब्द हळूच घातलेले असतात. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगळे काढून मागा. पहिलंच पुस्तक आहे म्हणून संकोचू नका.

आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर सांगा, की तो केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था फुकट देते.

---

मुद्राराक्षस | १६ सप्टेंबर, दुपारी १२.१५

यात भर. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. अर्ज कधी मागवतात त्यावर डोळा ठेवा, हस्तलिखित नीट टाइप करून लागतं. आणि पुस्तक आलं की राज्य वाङ्मय पुरस्कारात पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, श्री. ना. पेंडसे यांच्याच नावाचा. प्रवेशिका पाठवायचं काम प्रकाशक करील या भ्रमात राहू नका.

मला विचाराल तर त्याआधी एखादं प्रकरण स्वतंत्र उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवा. पण ते पुढच्या वर्षीच्या. यंदाचे अंक आत्ता आमच्या टेबलावर आहेत, म्हणून तर मी इथे वेळ काढतोय. बरे संपादक साहित्य जून-जुलैपर्यंत मागतात. होकार नकार न देता गप्प बसणारेही आहेत. तीन महिने झाले की एक सभ्य स्मरणपत्र, आणि मग दुसरीकडे. एकाच वेळी चार ठिकाणी मात्र पाठवू नका, नाही तर दोन ठिकाणी छापून येतं आणि पुढे दोन्ही दारं बंद.

---

काट्यावरचा | ९ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

गाळप सुरू झालं. पुन्हा रात्रपाळ्या आणि मोटारसायकलवर थंडी खाणं. वही बासनात गेली नाही, डिकीत आहे.

११८ पानं. शेवट अजून नाही. परवा फडात गेलो तर एक नवा चिटबॉय होता, चिठ्ठीपुस्तक सीटवर ठेवूनच लिहीत होता. एक मुलगा बाजूला उभा राहून त्याच्या हाताकडे बघत होता. मी काही केलं नाही. घरी येऊन ते लिहिलं आणि मग काढलं, कारण बालाघाटांचंच वाटायला लागलं.

बालाघाट, पहिली ७० पानं टाइप करून तुम्हाला पाठवलीत. बोली तपासा म्हणत नाही. जे खोटं वाटेल तिथे खूण करा.

---

बालाघाट | २३ नोव्हेंबर, रात्री ९.५०

वाचली. खुणा सात आहेत, व्यनि केलाय. सगळ्यात मोठी पान ३२ वर. वाढ्यांचे पैसे मुकादमाकडे जात नव्हते हो, ते बाईचे असायचे. त्यावरनं मारामाऱ्या झालेल्या आहेत. ते बदला, सगळा प्रसंगच बदलेल.

आईला दोन संध्याकाळी वाचून दाखवली. तिला ऐकू कमी येतं, जोरात वाचावी लागली, शेजारीपण ऐकत होते. फळीवरून चढायचं आलं तेव्हा तिने गुडघ्याला हात लावला. अठरा टनांच्या पानाला काही बोलली नाही. जेवताना विचारलं, त्या पोराने मागनं कुणाला सांगितलं का ते?

म्हटलं, तो अजून लिहायलाय.

---

तिरकस | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०२

पुभाप्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.)